मधल्या माणसाला लागलेला बाण

पोस्ट लांब आहे. निम्मी पोस्ट कॉम्प्युटर गेमबद्दल आहे, त्यामुळे काही जण म्हणतील की ह्याला आता कामधंदा राहिला नाही. चालेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक विनंती आहे आणि ती आज-उद्यातच पाळायची आहे.

परवापासून आपल्या ग्रुपवर सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरचा व्हिडिओ फिरतोय. रात्रीची वेळ, पेशंटचे नातेवाईक चिडलेले, आणि सिस्टर म्हणतात, "मी एकटी आहे, मी काय करू?" खाली कॉमेंट आहेत, "हिला निलंबित करा", "हिचा पत्ता कुणाकडे आहे का?" पत्ता विचारणाऱ्यांत माझ्या ओळखीचे चार जण आहेत. चांगले, घरदार असलेले लोक. मी त्यांना काही बोलू शकलो नाही, कारण गेल्या मे महिन्यात मी स्वतः हेच केलं होतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. एकदा रात्री दोनला पाणी आलं आणि पंचवीस मिनिटांत गेलं. मी गाडी काढून गेलो तर कोपऱ्यावर वॉलमन काका आमच्या गल्लीचा वॉल बंद करून बाजारपेठेचा सोडत होते. मी मोबाईल चालू केला. ते म्हणाले, "माझ्या हातात काय नाही ओ, वर विचारा." चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. मी वर लिहिलं, "हे बघा आपल्या पाण्याचे मालक!" सकाळपर्यंत सहाशे शेअर. आयुष्यात माझ्या कुठल्याही पोस्टला एवढे शेअर झाले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं.

तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस जण काकांच्या दारात गेले. शिवीगाळ झाली, सायकल नाल्यात टाकली. काका कंत्राटी होते. कंत्राटदाराने आठवड्याच्या आत त्यांना घरी बसवलं. नवीन माणूस आला.

पाणी आठव्याच दिवशी आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मी आपला पुढच्या विषयाकडे वळलो. प्रकाश पडला तो दिवाळीनंतर, आणि तोही कुणाचं भाषण ऐकून किंवा पुस्तक वाचून नाही.

आता गेमकडे येतो. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. दिवाळीत भाचा आला होता, त्याने दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला, 'डंजन क्रॉल स्टोन सूप'. फुकट आहे, ग्राफिक कार्ड वगैरे लागत नाही. मूळ गेम लिनली हेन्झेल नावाच्या माणसाने 1997 साली काढला आणि 2006 पासून जगभरातले हौशी लोक पगाराशिवाय तो पुढे वाढवताहेत. ह्या जातीच्या गेमला 'रोगलाइक' म्हणतात, कारण 1980 साली आलेल्या 'रोग' नावाच्या गेमवरून ही सगळी परंपरा सुरू झाली. दोन नियम मुख्य. एक, भुयार दर वेळी नवीन तयार होतं, त्यामुळे नकाशा पाठ करून चालत नाही. दोन, मेलात की मेलात. मागचं सेव्ह केलेलं उघडून परत तिथूनच सुरू, असली सोय नाही. पहिल्यापासून सुरुवात. खाली सगळ्यात तळाला झॉटचा मणी आहे, तो घेऊन जिवंत वर यायचं. मी अजून तिथे पोचलेलो नाही. पोचेन असंही वाटत नाही.

घाई नाही हे मला त्यात आवडलं. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकणार. तुम्ही हात बांधून बसलात तर तोही थांबणार. मध्येच कुणी आधारकार्डची झेरॉक्स मागितली तरी गेम तसाच थांबून राहतो.

मी खेळायला घेतला तो एल्फ, धनुष्यबाणवाला. एल्फ जादूत हुशार, पण अंगाने अगदी नाजूक. दोन जोरदार फटके बसले की संपला. म्हणून लांबूनच लढायचं. दारात एकटा राक्षस दिसला की बाण, बाण, बाण, तो जवळ येईपर्यंत खलास. पहिले काही मजले सोपे गेले. मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग ऑर्क लोकांच्या खाणी लागल्या. तिथे सोनं भरपूर, पण एकटा कुणी भेटत नाही. टोळीच्या टोळी येते. पुढे साधे ऑर्क, त्यांच्यात एखाददुसरा चिलखतवाला योद्धा, आणि सगळ्यांच्या मागे ऑर्कांचा पुजारी. हा पुजारी दिसायला किरकोळ. पण तो लांबून नुसता शाप उच्चारतो आणि तुमच्यावर थेट फटका पडतो. मध्ये त्याचेच दहा लोक उभे असले तरी त्याला अडचण नाही. त्याचा फटका कुणाला न लागता बरोबर तुमच्याच डोक्यावर येतो. चुकवताही येत नाही.

आणि तुमचा बाण? तो सरळ रेषेत जातो. पुजाऱ्यावर नेम धरून सोडला तरी वाटेत उभा असलेला पहिला ऑर्क तो अंगावर घेतो. क्वचित एखादा सुटून मागे गेला तर नशीब. म्हणजे वरून खाली येणाऱ्या फटक्याला मधली माणसं आडवी येत नाहीत आणि खालून वर जाणारा बाण मात्र प्रत्येक वेळी मधल्याच कुणाला तरी लागतो.

त्या खाणीत मी किती वेळा मेलो ते मोजणं सोडून दिलं. दर वेळी एकच. पुढचे पाच-सहा ऑर्क मारायचे, बाण संपत यायचे, आणि मागचा पुजारी जिथल्या तिथे उभा राहून मला संपवायचा. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पुढचे किती मारले ते मोजताय. तुमचा जीव कोण घेतंय ते बघा की."

त्यानेच सांगितलं की सापडलेली पुस्तकं नुसती टाकून देऊ नका, उघडून बघा. पुढच्या एका डावात मला एका पुस्तकात 'पोर्टल प्रोजेक्टाइल' नावाचा मंत्र मिळाला. (हा गेम सारखा बदलत असतो, मंत्र येतात, जातात. मी सांगतोय ते माझ्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या आवृत्तीतलं.) तिसऱ्या पातळीचा मंत्र, दोन विद्यांचा मिळून. एक विद्या वस्तू इकडून तिकडे पोचवण्याची, दुसरी मोहिनीची.

गंमत म्हणजे हा मंत्र स्वतः कुणालाच मारत नाही. आग नाही, वीज नाही. तो आपण स्वतःवरच टाकायचा. मग थोडा वेळ आपण सोडलेला बाण धनुष्यातून निघाला की मधल्या जागेतून जातच नाही. इथे गायब होतो आणि ज्याच्यावर नेम आहे त्याच्याजवळ उगवतो. मध्ये दहा जण असोत, त्यांच्या केसालाही धक्का नाही.

पण हे फुकटात नाही. प्रत्येक बाणामागे जादूची थोडी शिल्लक खर्च होते आणि ती सावकाश भरते. म्हणजे चिडून पटापट बाण सोडायची सोय नाही. तीन-चार बाणांत काय ते करायचं. जड चिलखत घातलं तर मंत्र फसायला लागतो, म्हणजे अंग थोडं उघडं ठेवावं लागतं. मंत्र शिकण्यात जो अनुभव घालवावा लागतो तेवढी धनुर्विद्या मागे राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला मारायचं तो दिसला पाहिजे. भिंतीपलीकडच्यावर हा मंत्र चालत नाही. मागे कोण उभा आहे हेच माहीत नसेल तर तुमची सगळी विद्या वाया.

तो डाव अजून आठवतो. टोळी आली. मी मंत्र टाकला, पुढच्यांकडे बघितलंच नाही, नेम पुजाऱ्यावर. तिसऱ्या बाणाला तो पडला. बाकीचे ऑर्क पळून गेले असं काही नाही, ते चाल करून आलेच. पण आता वरून फटका येत नव्हता. मी बोळात मागे सरकत एकेकाला आरामात तोंड दिलं. दुकानात एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

मी थांबलो ते ह्याच्या नंतरच्या डावात. त्यात मी मंत्राने एक कुत्रा बोलावला होता. तो माझ्यासाठी पुढे होऊन लढत होता. समोर राक्षस, मध्ये कुत्रा, मागे मी. पोर्टलचा मंत्र टाकायचा राहिला होता. मी बाण मारायला घेतला तर गेमने विचारलं, बाण कुत्र्याला लागू शकतो, तरी मारायचा का? मी वाचलंच नाही. हो म्हणालो. बाण कुत्र्याला लागला.

एवढीशी गोष्ट. चित्रातला कुत्रा. पण मी तो गेम तसाच सोडून शटर ओढलं. कारण मला वॉलमन काकांचं वाक्य आठवलं. "माझ्या हातात काय नाही ओ, वर विचारा." तो माणूस माझ्या गल्लीत रात्री दोनला माझ्याच पाण्यासाठी उभा होता. आणि त्याने मला सरळसरळ सांगितलं होतं की मी मध्ये आहे, नेम मागे धर. मी वाचलंच नाही. हो दाबलं.

मग मी जे करायला मे महिन्यात हवं होतं ते जानेवारीत केलं. माहितीचा अधिकार 2005 सालचा आहे, मी स्वतः लोकांचे अर्ज भरून देतो, पण मला स्वतःला कधी सुचलं नाही. अर्ज करण्याआधी एक सोपी वाट आहे. 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. मी सोमवारी तीनला जाऊन उभा राहिलो. आधी "साहेब नाहीत", मग "पुढच्या सोमवारी या". पुढच्या सोमवारी परत गेलो. शेवटी पंपघराचं लॉगबुक समोर आलं.

त्या लॉगबुकात फेब्रुवारीपासून रोज एकच नोंद. "मोटार नं. 2 जळाली, बंद आहे. एका मोटारीवर टाकी भरत नाही." रोज. मे महिन्यातल्या त्या आठवड्यापर्यंत एकच अक्षर, वाकडं-तिकडं, खाली सही. ती सही वॉलमन काकांची. त्यानंतर अक्षर बदललं आणि ती नोंदही बंद झाली. मोटार मात्र जळालेलीच होती.

म्हणजे ज्या एका माणसाने तीन महिने रोज लिहून ठेवलं होतं की पाणी का येत नाही, त्यालाच मी "पाण्याचे मालक" म्हणून गावापुढे उभं केलं. आणि तो गेल्यावर लिहिणारंही कुणी उरलं नाही.

मग अर्ज टाकला. आपल्या राज्यात माहितीच्या अर्जाला दोन अटी आहेत, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांच्या आत. पूर्वी मला ह्याचा राग यायचा. आता वाटतं, प्रत्येक बाणाला किंमत असलेली बरी, नेम धरूनच सोडावा लागतो. पूर्वी मी लोकांना लिहून द्यायचो, "पाणीपुरवठ्यातील भोंगळ कारभाराची सर्व माहिती द्यावी." ह्याला उत्तर काय येणार? ह्या वेळी एवढंच विचारलं. मोटार नं. 2 च्या दुरुस्तीचा प्रस्ताव कुठल्या तारखेला तयार झाला, कुठल्या टेबलावर किती दिवस राहिला, आणि त्या टेबलाचं पदनाम काय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. मुदत 30 दिवसांची. उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं.

एप्रिलमध्ये प्रस्ताव तयार. त्यानंतर दोनदा परत, एकदा तीन कोटेशन नाहीत म्हणून, एकदा सही जुन्या नमुन्यावर आहे म्हणून. त्यानंतर एका टेबलावर साडेपाच महिने. त्या टेबलाच्या नावाने कुणी शिवी दिली नव्हती, कुणी व्हिडिओ काढला नव्हता. कारण ते टेबल रात्री दोनला रस्त्यावर दिसत नाही.

मी त्या तारखा टाकून पोस्ट केली होती, तीही तुम्हाला आठवत नसेल. एकोणीस लाइक, दोन शेअर. पण त्या पोस्टची प्रिंट आणि माहितीचं उत्तर जोडून आपल्या प्रभागातल्या अकरा जणांनी सह्या करून निवेदन दिलं. मार्चमध्ये मोटार बसली. आता पाणी चौथ्या दिवशी येतं. रोज नाही येत, पुढे पाईपलाईनच्या गळतीचं वेगळं प्रकरण आहे, त्यावर नंतर लिहीन. पण आठाचे चार झाले ते सहाशे शेअरने झालेले नाहीत.

दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये त्याच येणार.

एक, मधला माणूस नेहमी धुतल्या तांदळासारखा असतो असं मी म्हणत नाही. बाजारपेठेला दहा मिनिटं जास्त पाणी जायचं, हे खरं. ते तोंडी सांगण्यावरून जायचं, आणि काकांनी ते ऐकलं. जो पैसे मागतो, जो पेशंटला हात लावतो, त्याची तक्रार झालीच पाहिजे, नावासकट, लेखी, योग्य ठिकाणी. पण दारात जमाव नेणं ही तक्रार नाही.

दोन, मागे बसलेला माणूसही राक्षस नाही. गेममध्ये पुजारी मेला की काम झालं. इथे कुणाला मारायचं नाहीये, टेबलावरची फाईल हलवायची आहे. उद्या तुम्ही त्या टेबलावरच्या साहेबांचा घरचा पत्ता शोधायला लागलात तर मी हे सगळं लिहून काही उपयोग झाला नाही. म्हणून मी पदनाम विचारलं, ते नावही इथे लिहिलेलं नाही.

काकांना मी भेटून आलो. सध्या एका गोडाऊनवर रात्रपाळीला वॉचमन आहेत, पगार पहिल्यापेक्षा कमी. मी माफी मागितली. काकूंनी चहा दिला, पण त्या बोलल्या नाहीत. काका एवढंच म्हणाले, "तुम्ही व्हिडिओ काढला त्याचं काय नाही ओ. लॉगबुक बघायला पाहिजे होतं एकदा. मी रोज लिवत होतो." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. त्यांना परत कामावर घ्यावं म्हणून मी कंत्राटदाराला लेखी दिलं आहे आणि माझी चूक होती हे त्यात सहीनिशी कबूल केलं आहे. उत्तर आलेलं नाही.

आता विनंती.

सिस्टरचा तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर डिलीट फॉर एव्हरीवन करता येतं का बघा. ज्यांनी पत्ता विचारला त्यांनी कॉमेंट काढा, मी स्क्रीनशॉट काढलेला नाही आणि काढणार नाही. आणि तो व्हिडिओ नीट ऐका. त्या काय म्हणताहेत? "मी एकटी आहे." ही तक्रार आहे. तीन महिने लॉगबुकात लिहिलेल्या नोंदीसारखीच. त्या रात्री ड्युटीवर किती जण असायला हवे होते, मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्रपाळीचा तक्ता कोण ठरवतं, हे विचारायला हवं. मी अर्जाचा मसुदा तयार केलाय, एकच विषय, 150 शब्दांच्या आत बसतो.

येत्या सोमवारी पावणेतीनला दुकानासमोर जमू. दहा जण पुरेत. घोषणा नाहीत, लाइव्ह नाही. कागद बघायला जायचंय. ज्यांच्या पेशंटचे त्या रात्री हाल झाले, त्यांनीही यावं. तुमचा राग खरा आहे, तो वाया जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

आणि हो, मे महिन्यातली माझी ती पोस्ट मी काढलेली नाही. व्हिडिओ काढून टाकलाय, पण मजकूर तसाच ठेवलाय आणि खाली ह्या पोस्टची लिंक दिली आहे. मी काय लिहिलं होतं ते लोकांना दिसू दे.